आधी फ्रेम आवरा, मग पंखा वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुटी लागली की मुलांचे चार-चार तास गेम खेळणे सुरू होते, आणि मे महिन्यात विदर्भ-खानदेशातल्या कॉम्प्युटर दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो : ‘ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रे काढणारा भाग) ऐंशी अंशांवर गेलं, जळेल का?’ उत्तरही ठरलेले असते, पंखा शंभर टक्क्यांवर टाका. प्रश्न अर्धवट आहे आणि उत्तर उफराटे, म्हणून हे पत्र.

ऐंशी म्हणजे कुठले ऐंशी, हे आधी पाहायला हवे. कार्डात एकच तापमान नसते. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो तो सहसा जीपीयूचा, म्हणजे मुख्य चिपचा आकडा. ‘हॉटस्पॉट’ हा त्याच चिपमधल्या सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा, तो साधारण १० ते १५ अंशांनी वर असतो. मेमरीचे तापमान तिसरेच. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या आरटीएक्स ३०६० कार्डासाठी कमाल मर्यादा ९३ अंश दिली आहे, ४०६० साठी ९०. दुसरी कंपनी एएमडी; तिच्या आरएक्स ५७०० एक्सटीपासूनच्या कार्डांत जंक्शन तापमान, म्हणजे हॉटस्पॉटच, ११० पर्यंत चालते असे कंपनीच सांगते. त्यामुळे एएमडीच्या कार्डावर ९५ हॉटस्पॉट पाहून घाबरायचे कारण नाही. आरटीएक्स ३०६० ची चिप ९० वर असेल तर मात्र काहीतरी बिघडले आहे. लांबलचक खेळात चिप ६५ ते ८० च्या दरम्यान राहिली तर निश्चिंत असावे. एनव्हिडियाची बहुतेक कार्डे ८३ च्या आसपास चिपचा वेग स्वतःच उतरवू लागतात. म्हणजे कार्ड जळण्याच्या खूप आधी गेम अडखळू लागतो.

दुसरी गोष्ट खोलीची. पंखा कार्डाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पंख्याचा वेग आणि कार्डावरचा भार तेवढाच असेल तर खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश कार्ड वर चढते. पुण्यात डिसेंबरमध्ये २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारे कार्ड अकोल्यात मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८३ दाखवणारच. तो बिघाड नव्हे. त्यातून आपल्याकडची कॉम्प्युटर टेबले! कॅबिनेटसाठी खाली तीन बाजूंनी बंद कप्पा, वर प्लॅस्टिकचे कव्हर. मागून निघालेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरून पुन्हा पुढून आत शिरते. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, हा बिनपैशाचा उपाय पंख्याच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा आहे. कूलरच्या झोतात मात्र कॅबिनेट ठेवू नये, ओलसर हवेत धूळ पंख्यांना चिकटून बसते.

आता मुख्य मुद्दा. कार्ड जितके वॅट खाते तितकी सगळी वीज शेवटी उष्णता होते. आरटीएक्स ४०६० चा कमाल आकडा ११५ वॅट, आरएक्स ६७०० एक्सटीचा २३०. प्रोसेसर धरून ३०० वॅट म्हणजे बंद खोलीत ६० वॅटचे पाच जुने पिवळे बल्ब लावून बसल्यासारखे. मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असताना कार्ड सेकंदाला १८० फ्रेम, म्हणजे चित्रे, काढत असेल तर त्यातल्या १२० पूर्णपणे पडद्यावर कधी येतच नाहीत, त्यांची उष्णता मात्र येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, एएमडीकडे ‘रेडिऑन चिल’ आहे. ६० च्या मॉनिटरला ६०, १४४ च्या मॉनिटरला १४० असा लगाम घालावा. अटीतटीचे शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम खेळणाऱ्यांना जास्त फ्रेमचा थोडा फायदा मिळतो, तो अपवाद समजावा; पण मेनूच्या पडद्याला तोही लागू नाही. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ या गेमच्या मेनूत फ्रेमवर बंधन नव्हते आणि कार्डे तापू लागली, तेव्हा तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीला ती मर्यादा कशी घालायची हे खेळाडूंना सांगावे लागले. २०२१ च्या जुलैत ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीदरम्यान काही आरटीएक्स ३०९० कार्डे बंद पडली. त्यात कार्डांच्या सोल्डरिंगचा दोष निघाला, तरी गेमच्या मेनूतही फ्रेमची मर्यादा घालण्यात आलीच. फ्रेम आवरूनही कार्ड तापत असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर लिमिट’, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, १०० वरून ८० टक्क्यांवर आणावी. फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता पाचव्या हिश्शाने उतरते.

एवढे झाल्यावर पंखा. आफ्टरबर्नरमध्ये सेटिंग्जच्या ‘फॅन’ पानावर स्वतःचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख, आखता येतो : ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ४५, ७० ला ६०, ८० ला ८०, ८५ ला १००. त्याच पानावरचे ‘हिस्टेरेसिस’, म्हणजे तापमान किती अंश उतरल्यावर पंखा मंदावावा तो आकडा, ३ किंवा ४ अंश ठेवावे, नाहीतर एका अंशाच्या चढउतारावर पंखा सतत वरखाली करत राहतो. हा कर्व्ह आफ्टरबर्नर चालू असेपर्यंतच लागू असतो, म्हणून तो विंडोजबरोबर सुरू होईल असे करावे. कार्ड कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर सोबत चालू ठेवू नये. दोघे एकाच पंख्याला वेगवेगळे हुकूम देतात. साध्या कामात पंखे थांबलेले दिसले तर दचकू नये, बरीच कार्डे ५०-६० अंशांपर्यंत ते मुद्दाम बंद ठेवतात. नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) टाकल्यावर मात्र खेळताना पंख्याचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वाढतो का, हे एकदा पाहावेच : मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याच्याच दोषामुळे मागे घ्यावा लागला होता.

चिप ७५ वर आणि हॉटस्पॉट १०५ वर, असे तीस अंशांचे अंतर दिसले तर पंख्याचा काही दोष नाही. चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट कडेला सरकली आहे किंवा चिपवरचे धातूचे हीटसिंक नीट बसलेले नाही. पेस्ट बदलताना मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधले थर्मल पॅड (मऊ पट्ट्या) मूळच्याच जाडीचे घ्यावेत. १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लावला की हीटसिंक चिपवर टेकतच नाही, आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते. धूळ काढताना ब्लोअरच्या झोतात पंखा गरगरू देऊ नये, बोटाने धरावा. बेअरिंग खराब होते.

शेवटी एक सूचना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावी काय, असेंबल केलेला कॉम्प्युटर देताना दुकानदाराने अर्धा तास जड गेम चालवून खोलीचे तापमान, चिपचे, हॉटस्पॉटचे आणि पंख्याचा आरपीएम असे चार आकडे बिलावर लिहून द्यावेत. वर्षाने तीच चाचणी करून ताडून पाहिले की पेस्ट वाळली, धूळ साचली की नुसता उन्हाळा आहे, हे ग्राहकाला घरबसल्या कळेल.

आपला,
एक वाचक, अकोला