ताई, अकाउंट्सच्या प्रती पोहोचू लागल्या!

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या बिलिंग सर्व्हरवरचा पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-पोहोचवणारा प्रोग्रॅम) ताळ्यावर आला, त्याबद्दल फोनवर घाईघाईत आभार मानले होते. आता जरा सविस्तर. असाच गुंता आणखी कुणाकडे असेल, तर त्याचंही काम होईल.

दुखणं विचित्र होतं. ग्राहकांना बिलं व्यवस्थित जायची, पण आमच्याच अकाउंट्स विभागाची प्रत ‘अननोन यूजर’ म्हणत परत यायची. आमच्याकडे सगळ्यांचा संशय बाहेरच्या मेल सेवेवर. तुम्ही लॉगमधला एकच शब्द दाखवलात: पत्र पुढे कुणाकडे दिलं ते सांगणाऱ्या ‘रिले’पुढचा ‘लोकल’. पत्र सर्व्हरबाहेर पडलंच नव्हतं! कंपनीचं मेल बाहेरच्या सेवेवर जाऊन बराच काळ लोटला होता, पण मायडेस्टिनेशनमध्ये (कुठल्या डोमेनचं मेल या सर्व्हरवरच ठेवायचं, ते सांगणारी सेटिंग) आमचं डोमेन तसंच राहिलेलं. त्यामुळे पोस्टफिक्स एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचं याची नोंद) बघायच्या फंदातच पडत नव्हता. पत्ता घरचाच समजून सर्व्हरवरच्या खात्यांत नाव शोधायचा. ज्यांची खाती तिथे होती त्यांचं मेल तर परतही येत नव्हतं, सर्व्हरवरच्या व्हार-मेल फोल्डरमध्ये निमूट साचत होतं. ‘आधी तिथे बघ,’ असं तुम्ही म्हणाला नसता, तर ती पत्रं अजून तिथेच पडून असती.

मग रूटचं, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचं, प्रकरण. क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचे) मेल रूटच्या नावे येतात आणि कुणाचं मेल कुठे वळवायचं ते सांगणाऱ्या अलायसेस फाईलमध्ये रूटपुढे आम्हा दोघांचे पत्ते आहेत. फाईलमधले बदल लागू करणारी न्यूअलायसेस ही आज्ञा चालवूनही मेल मात्र ऑफिसच्या सामाईक पत्त्यावर. कारण पूर्वी कुणीतरी कॅनॉनिकल मॅप्स (पत्ते बदलणारी यादी) लावून रूटचा पत्ता बदलून तो सामाईक पत्ता केला होता. कॅनॉनिकलचा बदल पोस्टफिक्सच्या क्लीनअप या टप्प्यात, पत्र रांगेत लागण्याआधीच होतो, आणि तो पाठवणाऱ्याला लागतो तसा घेणाऱ्यालाही. अलायसेस फाईल बघतो तो लोकल डिलिव्हरीवाला, म्हणजे सर्व्हरवरच्या खात्यांत पत्र टाकणारा भाग. त्याच्यापर्यंत रूट पोहोचतच नव्हता. हे तुम्ही कागदावर बाण काढून समजावलंत, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

उपाय तुमचाच: कॅनॉनिकल काढून एसएमटीपी जेनेरिक मॅप्स. पत्र एसएमटीपीने (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल नेण्याच्या पद्धतीने) बाहेर जातानाच पत्ता बदलतो, घरातल्या घरात रूट हा रूटच राहतो. ही सोय २.२ आवृत्तीत, २००५ साली आली. जुने सल्ले वाचून कॅनॉनिकल लावणाऱ्याला म्हणूनच मी फारसा दोष देत नाही. (तुम्ही दिलात, तोही खणखणीत.)

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती सेंडमेल या आज्ञेपुढे लावायची ‘बीव्ही’ (-bv) खूण. खरं पत्र न पाठवता, पत्ता कसा बदलेल आणि कुठे जाईल याचा अहवाल आपल्याला मेलने येतो. तोवर आम्ही बिचाऱ्या अकाउंट्सवाल्यांना ‘टेस्ट’, ‘टेस्ट परत’ असली पत्रं पाठवून हैराण केलं होतं. त्यांच्याकडूनही तुम्हाला वेगळे धन्यवाद आहेत.

आता मायडेस्टिनेशनमध्ये फक्त लोकलहोस्ट आणि मशीनचं नाव आहे. साचलेली पत्रं ज्याची त्याला दिली. त्यांत एका सप्लायरच्या थकबाकीची तीन स्मरणपत्रं निघाली, ती सध्या साहेबांच्या टेबलावर आहेत.

तुमचा,
बिलिंग सर्व्हरवाला