‘यात नवीन काय?’ असं न विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

मी अकोले तालुक्यातली, राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका. तुमच्याकडून मिळालेल्या निधीचा शेवटचा हिशेब गेल्या आठवड्यात पाठवला. हे पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून लिहितेय. तुम्ही जे केलंत, ते पैसे देणाऱ्या इतरांनीही करावं असं मला फार वाटतं.

आमच्या पाड्यावर परसबागांचं काम पाच वर्षं टिकून आहे. मोरीचं पाणी वाया न घालवता वाफ्याला सोडायचं, कडेला शेवगा आणि पपई, मांडवावर वाल आणि भोपळा, ओलीत अळू. बी दुकानातून आणायचं नाही, राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे आमच्याच तालुक्यात, तेव्हा गावरान बियाण्याची धुगधुगी इकडे होतीच. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा माता अंगणवाडीत जेवतात, त्यांच्या ताटात या परसातला पाला रोज पडू लागला. मुलांना नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील आणि लाडू. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पॉलिशच्या तांदळात जेमतेम दहा. हे आमच्या आज्यांना आकड्यांत माहीत नव्हतं, पण बाळंतिणीला नागलीच द्यायची हे ठाऊक होतं.

हे दुसऱ्या तालुक्यांतल्या पाड्यांपर्यंत न्यावं म्हणून आम्ही बचत गटातर्फे तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्हीकडे एकच विचारणा झाली, यात नवीन काय आहे? नवीन काहीच नव्हतं. जे जमलं होतं ते दुसऱ्यांना दाखवायचं होतं. एका पाड्यावरच्या बायकांनी दुसऱ्या पाड्यावर जाऊन चार दिवस राहावं, एका चुलीवर रांधावं, एवढंच. याला पैसे कशाला लागतात, असंही एका साहेबांनी विचारलं. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

तुम्ही मात्र तो प्रश्न न विचारता, अर्ज वाचून फोन केलात. पहिल्या पानावर मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे लिहिले होते: २०१९-२१ मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. तुम्ही म्हणालात, ‘हे मला माहीत आहे. तुमच्या वजनाच्या वहीत काय दिसतं ते लिहा.’ मग तुम्हीच विचारलंत, चार दिवस कामावर न गेलेल्या बाईच्या मजुरीचं काय? आम्ही ती मागितलीच नव्हती, मागायची लाज वाटली होती. तुम्ही अर्जात बुडीत मजुरीचा रकाना घालायला लावलात, तान्ह्या लेकराला सांभाळायला सोबत येणाऱ्या सासूचं तिकीटही धरलंत. त्या रकान्यामुळेच ज्यांच्या परसबागा सगळ्यात चांगल्या, त्या भूमिहीन घरांतल्या बायका येऊ शकल्या. नाहीतर शिकवायला नेहमीप्रमाणे बरं घर असलेल्याच गेल्या असत्या.

आणि आमची चूक तुम्ही पोटात घातलीत. पैसे दिवाळीच्या आधी आले, आम्ही दिवाळी होताच घोटी, त्र्यंबक करत पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याला पोहोचलो. पाड्यावर कुलपं. म्हातारी माणसं आणि कोंबड्या, बाकी सगळे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेले. हे आम्हाला कळायला हवं होतं, आम्हीही डोंगरातलेच. अहवालाची मुदत ३१ मार्च. मी भीत भीत फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘माणसं परत येतील तेव्हा जा. तारीख मी बघते.’

ज्येष्ठात गेलो. पहिले दोन पाऊस झालेले, माणसं परतलेली, वाफ्यात बी टोकायची हीच वेळ. आम्ही वाल, दुधी, माठ सगळं पुड्या बांधून नेलं होतं. पण शिकवायला गेलेलो आम्हीच शिकून आलो. तिथल्या बायकांनी शेवळं, म्हणजे पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी, आणली. आमच्यातल्या एकीने ती नुसती चिरून टाकायला घेतली तशी एका आजीने तिचा हात धरला. काकडाच्या झाडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळं शिजवायची नाहीत, घसा खाजून हैराण होशील! रात्री ती भाजी आणि आमची नागलीची भाकरी, चाळीसेक माणसं एका अंगणात. त्या जेवणात कुणी कुणाला पोषणाचं भाषण दिलं नाही. सकाळी मात्र सात घरांच्या मोऱ्यांमागे कुदळी चालत होत्या, आणि त्यांतल्या दोन पुरुषांच्या हातात होत्या.

श्रावणात पुन्हा जाऊन पाहिलं, पाच वाफे हिरवे होते. उरलेले दोन वाफे बकऱ्यांनी खाल्ले, तिथे आता कुंपण घातलंय. अहवालात मी पाचच लिहिले आहेत. तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतंत की बुडालेलं लपवू नका, म्हणून ते लिहिताना हात थरथरला नाही.

ताई, आमच्या बायका तुमचं नाव विसरतात आणि ‘त्या मजुरीवाल्या ताई’ म्हणतात. पाड्यावरून पाठवलेला हा नमस्कार त्यांच्या प्रत्येकीचा आहे.

एक विचारायचं राहिलं. हिशेबात ३,२६० रुपये उरले आहेत. मोखाड्याच्या त्या बायकांना आता जव्हारकडच्या त्यांच्या माहेरच्या पाड्यांवर बी घेऊन जायचं आहे, दिवाळीच्या आत, माणसं भट्ट्यांवर जायच्या आधी. त्यांच्या गाडीभाड्याला ही रक्कम दिली तर चालेल का, तेवढं कळवा.

तुमची,
एक अंगणवाडी सेविका