मित्रास पत्र : तीन मिनिटं पुढचं घड्याळ

न्यूकॅसल,
२४ मे

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "फोटो पाठवू नकोस, पत्र लिही." आज पोरगी कामावर गेली आहे, तुझी मंदावहिनी दुपारची आडवी झाली आहे, बाहेर पाऊस लागलाय. म्हणून बसलोय लिहायला. आपण रनिंग रूममध्ये, रेल्वेच्या त्या विश्रांतीच्या खोलीत, रात्र रात्र बोलायचो, तसंच समज.

आमच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून पोरीनं आम्हाला दोन रात्रींसाठी स्कॉटलंडात एडिंबराला पाठवलं. हॉटेल तिनंच ठरवलं होतं. नाव बाल्मोरल. मी नको म्हणत होतो, कारण मला भाड्याचा आकडा कळला होता. ती म्हणाली, "बाबा, ते रेल्वेनं बांधलेलं हॉटेल आहे." एवढं म्हटल्यावर मी गप्प बसलो.

न्यूकॅसलहून गाडी दीड तासात पोचवते. उजव्या हाताला समुद्र लागतो, अगदी रुळाशी खेटून. मध्ये बेरिकला ट्वीड नदीवर २८ कमानींचा दगडी पूल आहे, १८५० सालचा, रॉबर्ट स्टीफन्सनचा. गाडी त्यावरून जाताना मी नकळत उभा राहिलो. तू असतास तर तूही राहिला असतास.

एडिंबराचं वेव्हर्ली स्टेशन खोलगट जागेत आहे. एका अंगाला जुनं शहर टेकडीवर चढत गेलेलं, दुसऱ्या अंगाला १७६७ च्या आराखड्यानं वसवलेलं नवं शहर, आणि मधल्या दरीत रूळ. या दरीत पूर्वी तळं होतं. ते उपसून काढलं, त्याच्या काही भागात बाग झाली आणि पुढे त्यातूनच रेल्वे गेली. फलाटावरून मान वर केली की काचेच्या छपरापलीकडे एक मनोरा दिसतो, आणि मनोऱ्यावर घड्याळ.

स्टेशनातून वर यायला वेव्हर्ली स्टेप्स म्हणून पायऱ्या आहेत. तिथं वारा असा मारतो की मंदाचा पदर काही केल्या आवरेना. वर आलो आणि कोपरा वळलो तर समोर हॉटेलचा दरवाजा. दारात किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा, घातलेला एक म्हातारा गृहस्थ उभा. आपल्या वयाचा असेल, कदाचित मोठाच. आमची ती जुनी सुटकेस, जिचं एक कुलूप गेल्यामुळे मी सुतळी बांधली होती, ती त्यानं दोन्ही हातांनी उचलली. सुतळीची गाठ वरच्या बाजूला राहील अशी फिरवली, म्हणजे ताण बसून सुटायला नको. एवढ्याशा गोष्टीनं मला घरी आल्यासारखं वाटलं बघ. ज्यानं आयुष्यभर लोकांचं सामान हाताळलंय, त्याचाच हात असा चालतो.

मी सवयीनं वर पाहिलं आणि मग मनगटावर. वरचं घड्याळ पुढे होतं. मोबाइल काढला. मोबाइल आणि माझं घड्याळ जुळत होतं, वरचं मात्र तीन मिनिटं पुढे. दत्तू, मला खरंच वाईट वाटलं. एवढी मोठी वास्तू, स्टेशनच्या डोक्यावर घड्याळ, आणि तेच चुकीचं? आपल्याकडे रोज दुपारी सोळा वाजता, म्हणजे चारला, कंट्रोल ऑफिसकडून फोनवर टाइम सिग्नल यायचा, आठवतं ना? सगळ्या सेक्शनला एकाच क्षणी. मी ३१ वर्षांत एकदाही तो चुकवला नाही. घरात ताप असो, पाऊस असो, सोळा वाजता मी फोनपाशी.

मी त्या दारवानाला घड्याळ दाखवलं. तो हसला. रोज कुणी ना कुणी विचारत असणार. म्हणाला, "तीन मिनिटं पुढेच ठेवलंय साहेब. पहिल्यापासून. खाली गाडी पकडायला जाणाऱ्यांची चुकू नये म्हणून."

मी तिथंच उभा राहिलो. मंदा पुढे गेली, परत आली, म्हणाली, "काय झालं हो?" मला तिला लगेच सांगता आलं नाही.

तुला सांगायची गरज नाही. तू त्या गाडीवर गार्ड होतास, मी स्टेशन मास्तर. १९९४ चा डिसेंबर, चाळीसगावच्या बाजूचं आपलं ते छोटं स्टेशन, संध्याकाळची पॅसेंजर. गाडी अगदी वेळेवर होती. मी गाडी सोडायचा स्टार्टर सिग्नल दिला, तू शिट्टी मारून हिरवा दिवा दाखवलास. शेवटचा डबा फलाट सोडत होता तेव्हा ती बाई रस्त्याच्या बाजूनं धावत आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पोरगं. जळगावला दवाखान्यात तिचा धाकटा भाऊ होता. पुढची गाडी पहाटे. ती मला एवढंच म्हणाली, "दादा, गावना घड्याळमा त आजून येळ व्हता." गावातलं घड्याळ मागे होतं. माझं बरोबर होतं. रात्रभर ती बाकावर बसून राहिली, मी तिला दोनदा चहा नेऊन दिला, तिनं घेतला नाही. भाऊ त्याच रात्री गेला, हे मला चार दिवसांनी पॉइंट्समनकडून कळलं.

तू तेव्हा म्हणालास, "वसंता, तू नियमानं वागलास." खरं आहे ते. गाडी थांबवायला मला कुणी कारण दिलं नव्हतं. पण त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. आणि इथं, सात समुद्रापलीकडे, १९०२ सालापासून एक घड्याळ फक्त त्या बाईसारख्यांसाठी तीन मिनिटं पुढे चालतंय. ते बांधणाऱ्यांना प्रवासी माहीत होता. धापा टाकत येणारा, पोर कडेवर असलेला, घरातून उशिरा निघालेला.

आता हॉटेलबद्दल. हे बांधलं नॉर्थ ब्रिटिश रेल्वे कंपनीनं, आणि उघडलं १९०२ च्या ऑक्टोबरात. नावच होतं नॉर्थ ब्रिटिश स्टेशन हॉटेल. तुला ते नाव वाचून भुसावळच्या शेडमधल्या इंजिनावरची पितळी पाटी आठवेल, नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, ग्लासगो. ती कंपनी वेगळी, इंजिनं बांधणारी. आपली मालगाडीची डब्ल्यूजी इंजिनं पहिल्यांदा आली ती तिच्याच कारखान्यातून. पण मला त्या नावानंच ओळखीच्या माणसाकडे आल्यासारखं झालं. त्या काळी स्टेशनातून थेट हॉटेलात नेणारी लिफ्ट होती. म्हणजे प्रवाशानं रात्री गाडीतून उतरावं आणि थंडीवाऱ्यात पाय न ठेवता खोलीत जावं. हॉटेल १९८८ ला बंद झालं, डागडुजी झाली आणि १९९१ मध्ये बाल्मोरल या नावानं पुन्हा उघडलं. उद्घाटन शॉन कॉनरीनं केलं, जेम्स बाँडवाला. तो याच शहरातला.

दुसरी रेल्वे कंपनी होती कॅलेडोनियन. तिनं याच प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाला, १९०३ मध्ये, लाल दगडाचं आपलं हॉटेल उभं केलं. एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन कंपन्या एकमेकींकडे बघत उभ्या. त्या हॉटेलामागचं स्टेशन १९६५ ला बंद झालं. हॉटेल आहे, गाड्या नाहीत. आम्ही तिथंही चालत गेलो. दगडी कमानीजवळ मी थोडा वेळ थांबलो. बंद झालेल्या स्टेशनाजवळ मला नेहमीच थांबावंसं वाटतं.

आमची खोली प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला होती. खिडकीतून लेखक सर वॉल्टर स्कॉटचं स्मारक दिसायचं, काळंभोर, टोकदार, आपल्या सीएसटीच्या कळसांचा थोरला भाऊ शोभेल असं. पलीकडे खडकावर किल्ला. मे महिन्यात इथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा उजाडतं. मंदा म्हणाली, "झोपायचं कधी माणसानं?" पण पहिल्या पहाटे काहीच दिसेना. समुद्रावरून धुकं आलं होतं. त्याला इथले लोक 'हार' म्हणतात. किल्ला गेला, स्मारक गेलं, रस्त्यावरच्या ट्रामचे दिवे तेवढे सरकत होते. तासाभरानं आधी स्मारकाचं टोक वर आलं, मग किल्ल्याची भिंत. मंदा खुर्ची ओढून खिडकीपाशी बसली आणि चहा गार होईपर्यंत उठली नाही. तिला मी कित्येक वर्षांत असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्या स्मारकाची एक गोष्ट मला फार लागली. ते ज्यानं योजलं तो जॉर्ज मेकल केंप मूळचा सुतार. स्पर्धेत टोपणनावानं चित्र पाठवलं आणि शेवटी त्याचंच निवडलं गेलं. काम पुरं व्हायच्या आधी, १८४४ च्या मार्चमध्ये, धुक्याच्या रात्री घरी जाताना तो कालव्यात बुडून गेला. आणि आमच्या हॉटेलचा वास्तुकार विल्यम हॅमिल्टन बीटी, तोही १८९८ मध्ये गेला, दार उघडायच्या चार वर्षं आधी. एकाच रस्त्यावर दोघं, आणि दोघांनीही आपलं काम पुरं झालेलं पाहिलं नाही. मी २८७ पायऱ्या चढायला निघालो होतो, मंदानं गुडघ्याची आठवण करून दिली.

सकाळी नाश्त्याला ओट्सची लापशी, इथले जुने लोक ती मीठ घालून खातात. मी तशीच मागितली, आणि आईच्या हातच्या ज्वारीच्या आंबिलीची आठवण झाली. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा प्रकार मी चाखला, चवीला मिरी आणि ओट्स, बरा लागला. मंदासाठी डाळी आणि ओट्सचं शाकाहारी हॅगिस आलं. तिला ते मनापासून आवडलं. दुपारच्या चहाला काचेच्या घुमटाखालच्या पाम कोर्टात नेऊन बसवलं. तिथं सज्जात एक बाई हार्प वाजवत होती. आपल्याला त्यातलं काय कळणार असं मी म्हणणार होतो, पण मंदा डोळे मिटून ऐकत होती.

दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ उडाली. रस्त्यावरचे पर्यटक दचकले, गावकऱ्यांनी घड्याळं पाहिली. ही तोफ १८६१ पासून उडते, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून रोज. लीथ बंदरातल्या जहाजांना नेमकी वेळ कळावी म्हणून. त्याआधी कॅल्टन हिलवर नेल्सनच्या मनोऱ्यावरून वेळ दाखवायला एक मोठा गोळा खाली सोडायचे, पण धुक्यात गोळा दिसणार कसा? म्हणून तोफ. मला आपला सोळाचा टाइम सिग्नल आठवला आणि ऊर भरून आला. नेमकी वेळ हवी त्याच्यासाठी तोफ आहे, आणि गाडी पकडायची आहे त्याच्यासाठी तीन मिनिटांची सवड. शहर दोन्ही सांभाळतं. मी आयुष्यभर फक्त तोफेचं काम केलं रे.

वर्षातून एकच दिवस ते घड्याळ बरोबर असतं, ३१ डिसेंबर. नवं वर्ष साजरं करायला माणसं रस्त्यावर जमतात, तेव्हा बाराचे ठोके खरे पडायला हवेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी फोर्थ ब्रिज पाहून आलो. वेव्हर्लीहून पलीकडच्या काठाला वीस मिनिटं. १८९० चा, लाल रंगाचा, तीन प्रचंड पोलादी सांगाडे पाण्यावर हात पसरून उभे. १८७९ च्या डिसेंबरात टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला, एकही माणूस वाचला नाही. त्यानंतर हा बांधला, म्हणून इतका दणकट. त्याच्याबद्दल समोर बसून बोलू, हातानं दाखवल्याशिवाय जमणार नाही.

निघायच्या दिवशी आम्ही गाडीच्या पाऊण तास आधीच स्टेशनात उतरलो. तुला माझी सवय माहीत आहे. मंदाला बाकावर बसवलं आणि मी पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिलो. एक तरुण मुलगी बॅग ओढत प्रिन्सेस स्ट्रीटकडून आली, मान वर करून घड्याळ पाहिलं, आणि बॅग उचलून दोन दोन पायऱ्या उतरत पळाली. गर्दीत पुढे दिसली नाही. कुठली गाडी, मिळाली का, कळलं नाही. मी मात्र तिथंच उभा राहून त्या बाईचं नाव आठवायचा प्रयत्न करत होतो. आपण तिला नाव विचारलंच नव्हतं ना? तुला काही आठवत असेल तर कळव. ती वाघळीकडची की कजगावकडची, एवढं जरी आठवलं तरी लिही. आता कुणी सापडेल असं नाही, पण मला माहीत असायला हवं.

आम्ही १२ जूनला मुंबईत उतरतोय. दोन दिवस भाचीकडे, मग भुसावळ. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यानंतरची घे, मी सोबत येईन. वहिनींसाठी मंदानं लोकरीची शाल घेतली आहे आणि तुझ्यासाठी शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा. साखर वाढली असेल तर आधी सांग, डबा शेजारच्या पोरांना देऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता