‘सोबत कोण आहे?’ : आरोग्यमंत्र्यांना एका आजीचे खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावातून हे पत्र लिहीत आहे. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, त्या दिवशी व्यासपीठावरून दोन गोष्टी जाहीर करण्यात आल्या होत्या : येथे भूलतज्ज्ञाची कायम नेमणूक होईल आणि डायलिसिसची यंत्रे बसतील. गेल्या महिन्यात माझ्या मुलीला कळा सुरू झाल्यावर आम्ही त्याच इमारतीत गेलो, तेव्हा भूलतज्ज्ञाचे पद रिक्त होते आणि डायलिसिससाठी राखलेल्या खोलीत मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या होत्या.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. सुनांच्या आणि त्यांच्या सासवांच्या दारात उभे राहून “बाळंतपण घरी करू नका, सरकारी दवाखान्यात चला” असे सांगण्यात माझी हयात गेली. २०११ च्या जूनमध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रसूती मोफत, सिझर मोफत, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत, घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि शेवटी परत घरी नेणारी गाडीसुद्धा मोफत, हे सारे मी घरोघर जाऊन तोंडपाठ सांगितले आहे. बायांनी शासन पाहिले नव्हते, त्यांनी माझ्याकडे पाहून विश्वास ठेवला. त्यामुळे आता जे घडले ते केवळ माझ्या घरातले दुःख म्हणून गिळून टाकण्याचा मला अधिकार नाही, असे मी मानते.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिस करावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. परंतु पहाटेची एसटी, जाण्यायेण्याचे भाडे, बुडणारी मजुरी आणि त्यांच्यासोबत दिवसभर बसून राहणारे माणूस हे कोणत्याच योजनेत बसत नाही. ज्या हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्यांची जोडणी, केला आहे त्या हाताने त्यांना पिशवीसुद्धा उचलायची नसते, आणि सुया काढल्यावर चक्कर येते म्हणून त्यांना एकटे सोडताही येत नाही.

अशा घरात मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या सासूबाई हयात नाहीत. जावई पुण्याकडे कारखान्यात कंत्राटी कामाला आहेत, आणि खासगी नोकरीतल्या पुरुषाला मूल झाल्यावर रजा मिळावी असा कायदाच या देशात नाही. एकाच शेगडीवर यजमानांसाठी भाज्या उकळून त्यांचे पाणी फेकायचे, त्यांना दिवसाचे पाणी मोजून द्यायचे, आणि त्याच वेळी मुलीला “पाणी पी, पोटभर खा” म्हणून मागे लागायचे, असे माझे दिवस चालले होते. डिंक आणि खारीक आणून ठेवली होती. लाडू वळायला वेळ मिळाला नाही.

दिवस भरण्याआधीच तिचा रक्तदाब वाढला आणि पायांवर सूज आली. ही लक्षणे मी इतरांच्या लेकीसुनांना ओळखायला शिकवली होती, त्यामुळे एक क्षणही न दवडता आम्ही रुग्णालय गाठले. तिथल्या डॉक्टर मुलीने झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिले, आणि सिझर लागण्याची शक्यता आहे, येथे भूल देणारे कोणी नाही, असे स्पष्ट सांगून जिल्ह्याला नेण्याची चिठ्ठी लिहिली. त्या मुलीवर माझा राग नाही, कारण रात्रीच्या त्या पाळीत ती आणि एक परिचारिका एवढ्याच दोघी होत्या. १०८ ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. ती परत येईपर्यंत थांबण्याचा धीर कोणत्या आईला झाला असता? शेजाऱ्यांची जीप, उसने आणलेले डिझेलचे पैसे, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ओरडणारी माझी लेक, असा तो मोफत प्रवास आम्ही केला.

पहाटे सिझर झाले. नात झाली. वजन दोन किलोहून कमी आणि श्वास नीट येत नव्हता, म्हणून तिला लगेच नवजात शिशू कक्षात काचेच्या पेटीत ठेवले. मुलगी एका मजल्यावर, नात दुसऱ्या मजल्यावर. दर दोन-तीन तासांनी मुलीचे दूध काढून वाटीत घेऊन वर जायचे, आणि तिला उठून बसवत नव्हते तोवर ते सगळे मीच करायचे. त्याच सकाळी यजमानांची डायलिसिसची पाळी होती. त्यांना घेऊन येणारे घरात कोणी नव्हते, ती पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, आडवे होता येईना, फुप्फुसात पाणी झाले, आणि शेजाऱ्यांनीच त्यांना त्याच शहरात दुसऱ्या इमारतीत आणून भरती केले.

मंत्रिमहोदय, त्यानंतर मला एकच प्रश्न सतत विचारण्यात आला : सोबत कोण आहे? प्रसूती कक्षात बाईमाणूस हवे, शिशू कक्षाबाहेर बोलावल्यावर हजर राहणारे कोणी हवे, आणि डायलिसिसच्या खोलीत सही करायला व बाहेरून औषध आणायला नातेवाईक हवा. तिन्ही ठिकाणी उत्तर मीच होते. मी एका ठिकाणी असले की उरलेल्या दोन ठिकाणी “नातेवाईक बेजबाबदार आहेत” असे माझ्या कानावर पडत होते. माझे वय, माझे गुडघे, माझी स्वतःची साखरेची गोळी यांची चौकशी कोणत्याही नोंदवहीत नव्हती. आपल्या साऱ्या योजना रुग्ण मोजतात, घर मोजत नाहीत. ज्या घरात दोन माणसे एकाच वेळी आजारी पडतात, त्या घरातली म्हातारी बाई विनावेतन परिचारिका, वॉर्डबॉय आणि हमाल म्हणून राबेल, हे शासनाने मनोमन धरलेले आहे. रिक्त पदांचे ओझे शेवटी तिच्याच पाठीवर येते.

शिशू कक्षाबाहेरच्या बाकावर बसले असताना मला भंडारा आठवत होते. ९ जानेवारी २०२१ रोजी तेथील जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण दगावले, त्यांतली १२ नवजात होती. प्रत्येक वेळी भेटी झाल्या, चौकशा जाहीर झाल्या. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय चांगला होता, मी त्याचे स्वागतच केले. पण जेथे उपचार करणारा माणूसच नेमलेला नाही, तेथे मोफत काय मिळणार आहे?

केंद्राच्या मानकांनुसार तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असायला हवेत. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा संपूर्ण राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी प्रगत जीवरक्षक गाड्या अवघ्या २३३. २०११ च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली, तर एका गाडीमागे सुमारे एक लाख वीस हजार माणसे येतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे लिहिलेले आहे. देशातील श्रीमंत राज्य म्हणवणारा महाराष्ट्र अजून त्या आकड्याच्या जवळही पोहोचलेला नाही. मग पैसा कोठे जातो, हे विचारायला मी अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही. इमारत उभी राहते, कारण इमारतीत कंत्राट असते आणि फीत कापता येते. भूलतज्ज्ञाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. रस्ते, पाणी, शाळा, सगळीकडे आम्ही हेच पाहत आलो आहोत, आणि निवडणुकीच्या तोंडावर आम्हाला ‘लाडकी’ म्हणणाऱ्या सरकारला बाळंतपणाच्या रात्री या लेकी आठवत नाहीत.

नात आता घरी आहे. कक्षातल्या परिचारिकांनी मला बाळ छातीशी धरण्याची कांगारू पद्धत शिकवली, आणि मुलीला उठवत नव्हते तेव्हा मीही तिला तसे धरून बसले. त्या परिचारिकांचे ऋण मी विसरणार नाही. यजमानही घरी आले आहेत, पण आता जिना चढत नाहीत. येत्या आठवड्यात नातीची दीड महिन्याची लस आणि यजमानांचे डायलिसिस एकाच दिवशी आले आहे. मुलीचे टाके अजून दुखतात.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नेमावा, आणि नियमित नेमणूक होईपर्यंत ठरावीक मानधनावर खासगी भूलतज्ज्ञ रात्रीसुद्धा बोलावता येईल अशी तजवीज करावी. रिकाम्या खोलीत निदान दोन डायलिसिस यंत्रे तंत्रज्ञासह बसवावीत. पुढे पाठवलेल्या बाळंतिणीला गाडी मिळाल्याशिवाय चिठ्ठीवर सही होऊ नये, आणि ज्या कुटुंबात दुसरे माणूस नाही त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात मदतनीस नेमावा.

सहानुभूतीचे उत्तर पाठवू नये, ही विनंती. भूलतज्ज्ञाच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत आणि त्याच्या रुजू होण्याची तारीख पाठवावी. ती मी गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी स्वतः वाचून दाखवीन, आणि तारीख उलटली तर त्याच बायांना घेऊन रुग्णालयाच्या दारात बसेन.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका