दुधीच्या बियाण्यातून कडू फळे आल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : दुधी भोपळ्याच्या बियाण्याचा लॉट विक्रीतून तातडीने मागे घेण्याबाबत

महोदय,

जूनमध्ये साताऱ्यातील एका कृषी सेवा केंद्रातून मी तुमच्या कंपनीची दुधी आणि लाल भोपळ्याची पाकिटे घेतली. लाल भोपळ्याबद्दल काहीच म्हणणे नाही. वेल कुंपणभर पसरला आणि फळेही छान धरली. तक्रार दुधीची आहे आणि ती पाकिटाच्या किमतीपुरती नाही.

परसातल्या मांडवावर या पाकिटातले तीन वेल चढवले. दोन वेलांचे दुधी उत्तम निघाले. तिसऱ्याचे प्रत्येक फळ मात्र कडूजहर. दिसायला सगळी सारखीच, तीच फिकट हिरवी साल, तोच लांबट आकार. त्या वेलाचे पहिले दोन दुधी काढले आणि त्यातला एक शेजारच्या काकांना दिला. आमच्याकडे सासूबाई दुधी चिरताना फोड चाखतात. त्यांनी ती तोंडात घातली आणि लगेच थुंकली. मी शेजारी धावले, तोवर काकांचा रस पिऊन झाला होता. ते तो औषध म्हणून घेतात, त्यामुळे कडू लागूनही त्यांनी पेला संपवला. थोड्याच वेळात उलट्या, पोटात कळा, रक्तदाब उतरलेला. रात्र रुग्णालयात सलाइनवर गेली. आता ते बरे आहेत, पण माझ्या हातून गेलेल्या भाजीने हे झाले, हे मला फार लागले आहे.

हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्यांचा असतो. शिजवूनही तो जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा याविषयीचा अहवाल 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्याआधी फोड चाखावी आणि कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, असा सल्ला त्यात आहे. तुमच्या पाकिटावर लागवडीचे अंतर आहे, खताची मात्रा आहे. या सल्ल्याचा एक शब्दही नाही.

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राने फोनवर आधी सांगितले की पाणी कमी पडले असेल. तिन्ही वेलांची माती एक, शेणखत एक, पाणीही एकाच पाटाचे. मग दोन चांगले आणि एकच कडू कसा? पुढचे उत्तर, आजूबाजूच्या रानवेलीचे पराग आले असतील. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा मी स्वतः नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत होते. पण तेही बाजूला ठेवा. फळाचा गर हा त्या वेलाचाच असतो. परक्या परागाचा गुण आतल्या बीमध्ये उतरतो आणि पुढच्या पिढीच्या वेलावर दिसतो. म्हणजे दोष माझ्या परसात शिरलेला नाही. तो बीजोत्पादनाच्या शेतात विलगीकरण, म्हणजे इतर वाणांच्या व रानवेलींपासून पुरेसे अंतर, न पाळल्याने किंवा नंतर बियांची सरमिसळ झाल्याने पाकिटात आला आहे. हे बियाणे कंपनीला मी सांगावे लागते, याचा राग येतो.

पाकिटावर शुद्धता 98 टक्के छापली आहे. ती भौतिक शुद्धता, म्हणजे त्यात काडीकचरा आणि इतर बी किती, एवढेच त्यातून कळते. जनुकीय शुद्धतेची, म्हणजे सगळे बी खरोखर त्याच वाणाचे आहे का याची, चाचणी या लॉटची झाली होती का? झाली असल्यास तिचा अहवाल मला पाठवावा.

पाकिटाचे पैसे परत देण्याची तुमची तयारी मी नाकारत आहे. मला हवे आहे ते असे : हा लॉट दुकानांतून परत घ्यावा, तुमच्याकडील राखीव नमुन्याची लागवड करून तपासणी करावी, काकांच्या उपचाराचा खर्च द्यावा आणि यापुढे दुधीच्या प्रत्येक पाकिटावर ‘कडू फळ खाऊ नये, रस पिऊ नये’ ही सूचना ठळक मराठीत छापावी. यातली शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण परसबागेतल्या दुधीचा रस काढून पिणारी घरेही असतात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. कडू वेल मी मुद्दाम उपटलेला नाही. त्यावर अजून फळे आहेत. तुमच्या प्रतिनिधीने येऊन ती पाहावीत आणि नमुना घेऊन जावा.

आपली,
एक ग्राहक, सातारा

सोबत : खरेदीची पावती, लॉट क्रमांक दिसणारे पाकिटाचे छायाचित्र, तिन्ही वेलांची छायाचित्रे, रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या प्रती (काकांच्या संमतीने)