तो दस्ता प्लायवूडचा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या खर्चाबद्दल आपल्या रविवारच्या अंकात एक लेख आला होता. पॅरिसमध्ये २०२४ साली स्वप्निल कुसाळेला कांस्यपदक मिळाल्यापासून इंदुरातही रेंजवर मुलं वाढली आहेत, तेव्हा असा लेख हवाच होता. पण त्यात एक वाक्य असं आहे की हलक्या प्रतीच्या रायफलींना प्लायवूडचा दस्ता (नळी ज्यात बसते ते खांद्यापर्यंतचं लाकूड) असतो, पालकांनी अक्रोडाचाच पाहून घ्यावा. ते वाचून दुसऱ्याच दिवशी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ क्लबात गेले आणि "मुलीला ती प्लायवूडची रायफल नको, दुसरी द्या" असं प्रशिक्षकांना सांगून आले. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी सुतार आहे. वडील हुकुमचंद मिलच्या सुतारखात्यात होते, मी फर्निचरचं काम केलं, आणि गेली सव्वीस वर्षं क्लबातल्या मुलांच्या रायफलींचे दस्ते दुरुस्त करतो. नळी, खटका, लोखंडाचं काही मी करत नाही, ते परवाना असलेल्या मिस्त्रीचं काम. माझ्यापुढे फक्त लाकूड येतं.

प्लायवूडमध्ये एका थराचे रेषे उभे, तर त्याच्या पुढच्याचे आडवे. ते पलंगाच्या फळीला, कपाटाच्या पाठीला ठीक. त्या मुलीच्या रायफलीचा दस्ता प्लायवूडचा नव्हे, लॅमिनेटेड, म्हणजे थरावर थर चिकटवलेल्या लाकडाचा आहे. अशा दस्त्यात दीड मिलिमीटरच्या आसपासचे पापुद्रे असतात, बहुतेक बर्च नाहीतर बीच या झाडांचे. त्या सगळ्यांचे रेषे दस्त्याच्या लांबीला धरूनच असतात. रेझिन लावून, दाबाखाली ते इतके एकजीव केलेले असतात की पटाशीलाही सांधा कळत नाही. पापुद्रे आधीच रंगवलेले असले तर गालाच्या टेक्याच्या वळणावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांमुळेच लोकांना प्लायवूड आठवत असावं.

असं लाकूड मी पहिल्यांदा रायफलीत पाहिलं नाही. मागावर धोट्याला मिनिटाला दोनशेच्या आसपास फटके मारणारी जी काठी असते, पिकिंग स्टिक, ती मिलमध्ये अशाच थरांच्या दाबलेल्या लाकडाची यायची. मोडलेली काठी वडील घरी आणत. तिच्या तुटक्या टोकाला मी लहानपणी थर मोजत बसे. अखंड लाकडाची काठी तेवढा मार सोसत नाही, हे मिलमधल्या कोणालाही सांगावं लागत नसे.

आता आमच्या हवेचं. माळव्यात मे महिन्यात दुपारी दाराच्या चौकटी तडकतात आणि जुलैत तेच दार लागत नाही. लाकूड पाणी पितं तसं फुगतं, सोडतं तसं आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच. पण वर्षवलयांच्या दिशेनं तो जितका असतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याकडून सालीकडे असतो. दोन बाजूंची ही ओढ सारखी नसल्यामुळे अखंड तुकडा पीळ घेतो. थरांच्या लाकडात प्रत्येक पापुद्र्याची ओढ थोडी वेगळी असते, ती एकमेकींना धरून ठेवते, शिवाय रेझिन ओलाव्याला सहज आत जाऊ देत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा .२२ बोअरची रायफल घेऊन माझ्याकडे आला. दस्ता अक्रोडाचा, देखणा, उगाच हात फिरवावासा वाटेल असा. मे महिन्यात रायफल मध्यावर मारत होती, ऑगस्टच्या स्पर्धेत गोळ्यांचा सगळा गट डावीकडे. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं, तिथे जरासा फरकही भारी पडतो. पोराला वाटलं आपला खटकाच चुकतोय, घरीही बोलणी खाल्ली. मी नळी आणि लाकूड यांच्या फटीत दहाची नोट घालून मागे सरकवली. डावीकडून ती सुरळीत गेली, उजवीकडून अर्ध्यावर अडली. दस्त्याचा पुढचा भाग पिळून उजव्या अंगानं नळीला डावीकडे ढकलत होता. पोराची काही चूक नव्हती. आतून खरवडून फट मोकळी केली, उघडं लाकूड तेल देऊन बंद केलं, ॲक्शनखाली (गोळी भरायच्या भागाखाली) बेडिंग, म्हणजे घट्ट बैठकीचा थर, घालून घेतलं, तेव्हा गट जागेवर आला. दोन पावसाळे गेले आणि पुन्हा थोडं खरवडावं लागलं.

थरांचं लाकूड ही काटकसर म्हणून आलेली नवी नक्कलही नाही. जर्मनांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या माउझर रायफलींना बीचच्या थरांचे दस्ते बसवायला सुरुवात केली, कारण अक्रोडाची जाड फळी मुरायला वर्षं लागतात आणि तरीही ती वाकते. पुढे रशियनांनी आपल्या एकेएम रायफलीला बर्चचे थर वापरले.

अक्रोडावर माझा राग नाही, उलट हाताला त्याच्यासारखं लाकूड नाही. ते बेताच्या वजनाचं, दणका पचवणारं, पटाशीखाली लोण्यासारखं कापलं जाणारं आहे. त्यावर पोचा पडला तर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली की रेषे वर येतात. थरांच्या लाकडावर हा उपाय नीट चालत नाही. जवसाच्या तेलानं अक्रोडाला जी आतून झळाळी येते ती रंगवलेल्या पट्ट्यांना कधीच येणार नाही. पण चांगला मुरलेला तुकडा आता मिळतो कुठे? काश्मिरात अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडू नये म्हणून १९६९ सालीच कायदा झाला, आणि तो योग्यच आहे. बाजारात "अक्रोड" म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं दुसऱ्याच लाकडाला गडद पॉलिश दिलेलं असतं. मी पटाशीनं आतल्या बाजूला बारीक कपची काढून पाहिलेलं आहे.

लॅमिनेटेडचे दोषही सांगतो. ते वजनदार असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उभं राहून नेम धरायचा असेल तर तो भार खांद्याला जाणवतो, तिथे मी स्वतः हलका अक्रोडी दस्ता सुचवतो. पालथं पडून मारणाऱ्याला मात्र तेच वजन उपयोगी. रेझिनमुळे हत्यारांची धार पटकन जाते, आणि घासताना तोंडावर मास्क हवाच, ती धूळ छातीला वाईट. मोठ्या स्पर्धांत आता ॲल्युमिनियमचे दस्ते दिसतात, पण शिकाऊ मुलांच्या हाती क्लबातल्या जुन्याच रायफली येतात, आणि त्यांच्यापुरता प्रश्न या दोन लाकडांचाच आहे. दस्ता कोणताही असो, पावसाळ्यात रायफल फोमच्या बंद पेटीत दिवसेंदिवस ठेवू नये. बटप्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) काढून मागचं उघडं तोंड तेला-वार्निशानं बंद आहे ना, एवढं एकदा पाहावं. पाणी तिथूनच शिरतं.

परवा त्या गृहस्थांना घेऊन मी रेंजवर गेलो. ऐन श्रावण, सकाळपासून झड लागलेली. त्यांच्याच खिशातली नोट त्यांच्याच हातानं नळीखालून सरकवायला लावली. दोन्ही अंगांनी ती सरळ मागे ॲक्शनपर्यंत गेली. मुलीची रायफल तीच राहिली आहे. इतर पालकांनीही तो लेख वाचला असेल, तेव्हा त्या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी ही विनंती.

आपला,
एक सुतार वाचक
रामबाग, इंदूर