जोत्याच्या दोन पायऱ्या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर घर बदलायचा विषय काढला की आई रडते आणि बाबा ‘बघू’ म्हणून फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. घराच्या करारावर परवा सही केली. शहराच्या अगदी टोकाला, जिथून बस वळून परत फिरते, त्याच्या दोन गल्ल्या अलीकडे. तळमजला. तुमची खोली मागच्या अंगाला, पूर्वेकडे खिडकी असलेली. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते, मागच्या दोन वेळेला बसले तशीच. यावेळी गप्प बसायचं नव्हतं.

बाबा, त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होतात. ‘पडलो नाही, टेकलो’ असं तुम्ही म्हणता. मी पिशवी घेऊन खालून येत होते. तुमचा हात कठड्यावर होता, लाकूड झिजून गुळगुळीत झालंय ना, तिथेच, आणि बोटं पांढरी पडली होती. मला बघितल्यावर तुम्ही हात काढून घेतलात आणि वर माझ्याकडे पिशवी मागितलीत! ५२ पायऱ्या आहेत, बाबा. तुम्हीच मला मोजायला शिकवल्यात. रात्री बाहेरून आलो की मी झोपेचं सोंग घेऊन तुमच्या खांद्यावर मान टाकायचे, कारण जागी असल्याचं कळलं की तुम्ही खाली उतरवाल अशी भीती वाटायची. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

इतक्या लांब कशाला, असं आई म्हणणार. आई, मध्यवस्तीत तळमजला आपल्याला झेपत नाही. लिफ्टचं घर घेतलं असतं, पण वीज गेली की पुन्हा पायऱ्या. आणि इथे रात्री खरंच गार होतं गं. मी मुद्दाम दोनदा रात्री अकरापर्यंत थांबून बघितलं. आपल्या गल्लीत भिंती आणि डांबर दिवसभर ऊन साठवतात आणि रात्रभर उष्णता सोडत राहतात. इथे मोकळी माती आहे, झाडं आहेत, उकाडा लवकर उतरतो. पहाटे तीनला उठून खिडकीशी बसायचं तुझं बंद होईल असं मला वाटतं. निदान उठलीस तर वारा तरी लागेल.

दादाने पहिला प्रश्न हॉस्पिटलचा विचारला. मोठं हॉस्पिटल ११ किलोमीटरवर आहे. मी स्वतः गाडी चालवून वेळ मोजली: पहाटे २० मिनिटं, संध्याकाळच्या गर्दीत ४५. मेंदूत गुठळी अडकून झटका आला तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. म्हणजे पोचायला वेळ आहे, पण ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायला नाही. तोंड वाकडं दिसलं, एक हात उचलेना, बोलताना जीभ अडखळली, तर त्याच क्षणी मला उठवायचं आणि घड्याळ बघून ठेवायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘तिला सकाळी ऑफिस आहे’ हे मी ऐकून घेणार नाही, दोघांचंही.

न आवडण्यासारखंही आहे, ते आत्ताच सांगते. पाणी बोअरचं, जड. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. प्यायच्या पाण्याची वेगळी सोय केली आहे. बस फार कमी. आणि दुपारी सगळे कामावर गेले की वस्ती सुनी होते. आई, तुला गॅलरीतून समोरच्या काकूंशी बोलायची सवय, आणि इथे समोर फक्त भिंत. याच एका गोष्टीपायी माझी झोप उडते. फाटकाजवळच्या बाकावर सकाळी तुझ्या वयाच्या दोघी-तिघी बसतात, मी त्यांच्याशी बोलून आले. आणि काकूंना महिन्यातून दोनदा मी गाडीने आणेन, राहायला थांबल्या तर फारच छान. हा शब्द आहे माझा.

बाथरूमचं मात्र मनासारखं झालंय. कमोड १८ इंच उंचीचा बसवला, उठताना गुडघ्यांवर जोर येणार नाही. फरशी खरखरीत आहे. उंबरठा काढून टाकला, पलंगापासून दारापर्यंत जमिनीलगत बारके दिवे लावले. भिंतीत पक्की दांडी आहे, तीच धरायची. टॉवेलची दांडी धरायची नाही, ती माणसाचं वजन घेत नाही.

आता ऐका. पलंगाजवळचं ते पायपुसणं आणायचं नाही, दोनदा पाय घसरलाय त्याच्यावरून. झोपेतून उठलात की मिनिटभर काठावर बसायचं, मग उभं राहायचं. बीपी बघण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात छातीच्या पातळीला टेकवायचा, आणि आई, तेव्हा बोलायचं नाही. आकडा वहीत लिहायचा, वाईट आला तरी. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, वय वाढलं की तहान नीट कळत नाही. डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल तर तेवढंच. गोळ्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत, जुन्यासुद्धा.

घर विकणार नाही. ते मनातही आणू नका. कुलूप लावू, दर महिन्याला मी जाऊन उघडेन, झाडून घेईन. आजीचं कपाट आहे तिथेच राहील आणि त्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावणार नाही. त्या पावसाळ्यानंतर ते कपाट तुम्ही कसं वाचवलंत ते मी बघितलंय.

बाबा, एक काम तुमच्यावाचून अडलंय. नव्या घराला जोत्याच्या दोन पायऱ्या आहेत, तिथे कठडा करायचाय, लाकडाचाच. सुतार उंची विचारतोय. मी माझ्या हाताने मोजून सांगितली असती, पण हात तुमचा आहे. शनिवारी सकाळी नऊला तुम्हाला न्यायला येते. घाई करायची नाही, सावकाश उतरा, मी खालच्या वळणावर थांबते. तिथे पोचलो की पायरीवर उभे राहा आणि हात जिथे सहज टेकेल तिथे आपण पेन्सिलीने खूण करू.

तुमचीच,
चिमी